शनिवारी रात्री उंदीर आजारी पडला, तर शब्द कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परळच्या कॉलेजातून बीव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, इंटर्नशिप संपत आलेली. मुंबईतल्याच एका संशोधन संस्थेच्या ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, व्हेटची जागा निघाली आहे. दवाखान्यातल्या असिस्टंटपेक्षा पगार बरा, रात्रीबेरात्रीचे कॉल नाहीत असं सांगितलंय. पण आई म्हणते, "जनावरं वाचवायला शिकलास की मारायला?" आणि मित्र म्हणतात, हात गंजेल, पाच वर्षांनी मांजरीचं ऑपरेशनसुद्धा जमणार नाही. जाऊ की नको?

मी बावीस वर्षं हेच काम करते आहे, दोन वेगवेगळ्या संस्थांमध्ये. त्याआधी दोन वर्षं उपनगरातल्या एका दवाखान्यात कुत्र्या-मांजरांना टोचत होते. जायचं की नाही हे मी सांगणार नाही, कारण ते बरंचसं संस्थेवर अवलंबून आहे आणि तुमची संस्था मला माहीत नाही. काय बघून ठरवायचं, तेवढं सांगते.

मित्रांचं आधी उरकते. गाई-म्हशींचा हात जाईल, ते खरं आहे. त्यात परत यायचं असेल तर दोन वर्षांच्या आत या. पण हात गंजतो म्हणणाऱ्यांपैकी कुणी पांढऱ्या उंदराला भूल देऊन बघितली आहे का? पंचवीस ग्रॅमचा जीव, एका पेढ्याच्या वजनाचा. अंगात रक्त सगळं मिळून जेमतेम पावणेदोन-दोन मिली. पोट उघडताना चार थेंब जास्त सांडले की दहा टक्के रक्त गेलं. भूल चढली की अंग भराभर गार पडतं, कारण वजनाच्या मानाने त्याचं कातडं फार पसरलेलं असतं. म्हणून खाली हीटिंग पॅड. डोळे उघडेच राहतात, म्हणून आधी डोळ्यांत मलम. मॉनिटर वगैरे असला तर असला, नाहीतर तुमची नजर छातीवर आणि बोटं मागच्या पायाच्या पंजावर, चिमटा घेतला की पाय ओढतो का ते बघायला. पहिल्या वर्षी माझे किती उंदीर टेबलावरच गेले ते मी मोजलेलं नाही. आता एखादा गेला तर चुकल्याचुकल्यासारखं होतं, आणि तो का गेला ते लिहिल्याशिवाय मी घरी जात नाही. हा हात गंजलेला नाही, फक्त बारीक झालाय.

आईचा प्रश्न असा उरकता येत नाही. त्या जे म्हणतात ते खरं आहे, ते गोड करून सांगू नका. आपल्याकडच्या नियमांत प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाची अपेक्षा आहे, आणि कुत्र्यांसारख्या मोठ्या प्राण्यांना घरं मिळाल्याची उदाहरणंही आहेत. उंदरांच्या बाबतीत मात्र जवळजवळ सगळे मरतात. तुमचे दवाखान्यातले वर्गमित्र आयुष्यभरात जितक्या जनावरांना शेवटचं इंजेक्शन देतील, त्याहून जास्त तुम्ही एका वर्षात माराल. मारण्याचीही पद्धत असते. कार्बन डायऑक्साइडचा डबा आधीच भरून ठेवायचा नाही. उंदीर त्यात ठेवून मग गॅस हळूहळू सोडायचा, मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या तीस ते सत्तर टक्के या हिशोबाने. आणि हालचाल थांबली म्हणजे मेला असं धरायचं नाही, खात्री करायची. हे काम विद्यार्थ्यावर सोडून केबिनमध्ये बसणारा व्हेट मला आवडत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. याच परळमध्ये, जुन्या गव्हर्नमेंट हाऊसच्या इमारतीत, १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली. जीवाणुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी त्याआधी, जानेवारी १८९७ मध्ये, ग्रँट मेडिकल कॉलेजात बनवलेली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. १९२५ पासून त्या संस्थेला त्यांचं नाव आहे. कोकणात फुरसं चावलेल्या माणसाला जे औषध देतात ते घोड्यांच्या रक्तातून येतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष थोडंथोडं टोचून घोड्याच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार करायची आणि त्याचं रक्त काढून शुद्ध करायचं. आईंना हे सांगा, पण वाद जिंकायला सांगू नका. माझ्या सासूबाईंना मी एकदा सगळं सविस्तर ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ते घोड्याचं झालं. तू काल काय केलंस ते सांग." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काल मी चाळीस उंदीर मारले होते, एका औषधासाठी, जे बहुधा कधी बाजारात येणार नव्हतं.

आता मला वाटतं तो खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही: त्या संस्थेत तुमच्या शब्दाला किती किंमत असेल?

कागदावर भरपूर असेल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ खाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती आहे. आधी तिला सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए. तिचे १९९८ चे नियम आहेत. त्याप्रमाणे प्रत्येक संस्थेत प्राणी नैतिकता समिती लागते, आम्ही तिला आयएईसी म्हणतो, आणि त्या समितीत व्हेट असलाच पाहिजे. तिथे शास्त्रज्ञांचे बी फॉर्म येतात: कुठला प्राणी, किती, का, काय करणार, दुखणार असेल तर काय देणार, शेवट कसा करणार. उंदीर-सशांचे प्रस्ताव तिथेच मंजूर होतात, कुत्रा-माकडांचे केंद्रीय समितीकडे जातात. तुम्ही त्या फॉर्मवर प्रश्न विचारू शकता, सही अडवू शकता. हे सगळं वर्षातून ठरावीक वेळा, एसी खोलीत, समोसा खात.

पण प्राणी आजारी पडतो शनिवारी रात्री.

पहिल्या संस्थेतली गोष्ट आहे. संस्थेचं नाव घेत नाही. ट्यूमरचा प्रयोग होता. बी फॉर्ममध्ये शेवटाबद्दल एवढंच लिहिलं होतं: "प्राणी आजारी दिसल्यास योग्य निर्णय घेतला जाईल." मी नवीन, मीच त्यावर सही केली होती. शनिवारी संध्याकाळी पीएचडीच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, चार नंबरच्या पिंजऱ्यातले दोघं गप्प बसलेत. पण वजन आहे तेवढंच आहे." तिचे गाईड कॉन्फरन्सला परदेशी. त्यांना सोमवारचं शेवटचं मोजमाप हवं होतं. मी वजन ऐकलं आणि म्हटलं, सोमवारी बघू.

सोमवारी सकाळी दोघं मेलेले. एकाला पिंजऱ्यातल्या बाकीच्यांनी खाल्लं होतं. टेबलावर घेतल्यावर कळलं की मी कशी फसले. ट्यूमर वाढत होता आणि उंदीर आतून झिजत होता. काट्यावर दोन्ही मिळून आकडा तेवढाच. शनिवारी मी स्वतः गेले असते आणि ढुंगणावरच्या हाडांवरून एकदा बोट फिरवलं असतं, तर कणा जपमाळेच्या मण्यांसारखा लागला असता. आणि ज्या सोमवारच्या मोजमापासाठी थांबलो, ते मिळालंच नाही. रात्रभरात कुजलेल्या पेशींची स्लाइड बनत नाही. त्या मुलीचे दीड महिन्याचे कष्ट वाया गेले. गाईड मला काही बोलले नाहीत. त्यांना ते चूक वाटलंच नव्हतं, "होतं असं" एवढंच.

तेव्हापासून कुठलाही बी फॉर्म माझ्या हातून आकड्यांशिवाय जात नाही. वीस टक्के वजन घटलं की थांबायचं, आणि ट्यूमरच्या प्रयोगात नुसतं वजन नाही, हाडांवरून बोट फिरवून दिलेला स्कोअरही. ट्यूमर कुठपर्यंत वाढू द्यायचा तो व्यास मिलिमीटरमध्ये. ट्यूमरवरची कातडी फुटली की त्याच दिवशी शेवट. आणि सगळ्यात खाली एक ओळ: शास्त्रज्ञाचा फोन एका तासात लागला नाही, तर निर्णय व्हेटचा. या एका ओळीवर दुसऱ्या संस्थेत मी दोन मीटिंगा भांडले. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं, लिफ्टमध्येसुद्धा. आता ते समितीत पाठवण्याआधी मसुदा मला दाखवतात, पण त्याला सहा वर्षं लागली.

म्हणून इंटरव्ह्यूला गेलात की पगाराच्या आधी हे विचारा: शनिवारी रात्री एखादा प्राणी तडफडतोय आणि गाईड फोन उचलत नाहीत, तर काय करता? समोरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले तर समजून घ्या. "आमचे व्हेट ठरवतात" असं पटकन आलं, तर पुढचा प्रश्न: मागच्या वर्षी व्हेटने एखादा प्रयोग मध्येच थांबवला होता का? आणि तुम्ही रिपोर्ट कुणाला करणार, हेही. ज्यांचे प्रयोग सर्वांत जास्त, त्याच शास्त्रज्ञांच्या हाताखाली व्हेट असेल, तर कागदावरचा अधिकार कागदावरच राहील. संचालकांना थेट रिपोर्ट असेल तर बरं. जागा कायम आहे की प्रोजेक्टवरची कंत्राटी, यानेही फरक पडतो. सहा महिन्यांचं कंत्राट संपत आलेला माणूस प्राध्यापकाला "थांबा" म्हणताना दोनदा विचार करतो, मीही केला असता.

यावरून शास्त्रज्ञ म्हणजे खलनायक असं वाटलं असेल, तर तसं नाही. बहुतेकांना प्राण्याचं वाईट वाटतं, पण काय बघायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. नेहमीचं भांडण वेदनाशामकाचं. "मॅडम, पेनकिलर दिलं तर डेटा बिघडेल." माझं उत्तर ठरलेलं आहे: दुखणंही डेटा बिघडवतंच. दुखणारा उंदीर खात नाही, झोपत नाही, त्याचे स्ट्रेस हार्मोन वर गेलेले असतात. मग तुम्ही मोजताय ते नक्की कशाचं? मेलॉक्सिकॅमने तुमचं नेमकं कुठलं मोजमाप बदलतं, ते कारणासह बी फॉर्ममध्ये लिहा, मी बघते. दहातल्या आठ वेळा कारण सापडत नाही. उरलेल्या दोन वेळा खरंच असतं, आणि मग दुसरं औषध किंवा दुसरी वेळ शोधायची. ब्यूप्रेनॉर्फिन हे जबर वेदनाशामक आणि केटामिन हे भुलीचं औषध कुलपात, रजिस्टरवर प्रत्येक मिलीचा हिशोब. त्याचा कंटाळा करू नका.

दिवसभर काय असतं, हेही तुम्हाला हवं असेल. खरं सांगायचं तर निम्मं काम बघण्याचं आहे. उंदीर दुसऱ्यांची शिकार होणारा प्राणी, म्हणून आजार लपवतो. कुत्र्यासारखा कण्हणार नाही. पाठीची कमान, विस्कटलेले केस, अर्धवट मिटलेले डोळे, मागे ओढलेले कान. २०१० साली उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टीच आली. तिचा छापील तक्ता मी प्रत्येक खोलीच्या दारामागे लावलाय. उंदीर-रॅट असा फरक मराठीत आपण करत नाही, पण इथे करावा लागतो: रॅटच्या डोळ्या-नाकाभोवती लालसर ओल दिसली तर ते रक्त नसतं, ताणाखाली त्याच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं रंगद्रव्य असतं. पहिल्यांदा बघणारे विद्यार्थी घाबरून फोन करतात. करू द्या, न करण्यापेक्षा बरं.

आणि तुमच्यापेक्षा आधी बघणारे असतात अटेंडंट. आमच्याकडे त्यांना मामाच म्हणतात. एकदा सकाळी राऊंडला गेले तर एक मामा म्हणाले, "बाई, तिसऱ्या रॅकवरची पोरं आज खुसपुसत नाहीयेत." मी बघितलं, मला काही दिसलं नाही. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या, खाण्याचे पेलेट भरलेले. मामांनी एक बाटली काढली, नळीच्या टोकाला बोट लावलं. कोरडं. नवीन आणलेल्या बाटल्यांच्या नळीतली गोळी अडकत होती. बाटली भरलेली दिसत होती म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आदल्या संध्याकाळपासून त्या रॅकवर पाणी नव्हतं. आणखी एक दिवस गेला असता तर आम्ही त्यावर कसला तरी संसर्ग शोधत बसलो असतो. आता बाटली लावताना प्रत्येक नळीला बोट लावायचं, हा आमच्याकडचा नियम आहे, आणि तो मामांचा आहे. नोकरी घेतलीत तर पहिला आठवडा केबिनमध्ये बसू नका. त्यांच्याबरोबर पिंजरे धुवा, भुसा बदला. हेच मामा सर्वपित्रीला गच्चीवर कावळ्याचा घास ठेवतात तेव्हा एक वेगळा ठेवतात. कुणासाठी ते मी विचारलेलं नाही.

मुंबईत या कामाचे खास त्रास आहेत. खोलीचं तापमान १८ ते २९ अंशांत आणि आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांत ठेवायची, तासाला बारा ते पंधरा वेळा हवा बदलायची, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. जुलैत एसी तास-दोन तास बंद पडू द्या, मग बघा. भुसा ओला राहतो, अमोनियाचा वास चढतो, श्वसनाचे आजार डोकं वर काढतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमचं ॲनिमल हाऊस तळमजल्यावर होतं. जनरेटरच्या खोलीत पाणी. मी तिसऱ्या दिवशी पोहोचले. दोन मामा तिथेच अडकले होते. त्यांनी खालच्या ओळीतले सगळे पिंजरे उचलून वरच्या रॅकवर, टेबलांवर, शेवटी माझ्या खुर्चीवर ठेवले होते. तेव्हा इंटरव्ह्यूच्या प्रश्नांत हाही घाला: ॲनिमल हाऊस कुठल्या मजल्यावर आहे, आणि लोकल बंद पडल्या तर कोण पोहोचतं? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे तयार नव्हतं, त्यांना वाढवलेल्या कॉलनींमधले प्राणी मारून संख्या कमी करावी लागली.

गणपतीचं वेगळंच. परळ-लालबाग पट्ट्यात काम असेल तर विसर्जनाच्या आठवड्यात ढोल-ताशांनी भिंती हलतात, आणि नुकत्याच व्यालेल्या माद्या बिथरून पिल्लं खातात. माझ्या पहिल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यांत पिल्लं नव्हतीच. उंदराचा गाभण काळ १९ ते २१ दिवसांचा. आता मी पंचांग घेऊन मागे मोजते आणि त्या आठवड्यात वीण येईल अशा जोड्या लावतच नाही. विद्यार्थी हसतात, पण बाईंचं कॅलेंडर विचारूनच ब्रीडिंग लावतात.

आणखी एक शंका तुमच्या मनात असेलच: प्राण्यांवरचे प्रयोग कमी होतायत, मग ही नोकरी टिकेल का? सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राणी वापरायला भारतात २०१४ पासून बंदी आहे. औषधांच्या नियमांतही २०२३ च्या दुरुस्तीने प्राण्यांशिवायच्या चाचण्यांना जागा दिली. प्रत्येक बी फॉर्मवर "हे पेशींवर करून बघितलं का?" हा प्रश्न मी विचारते, आणि कधीतरी प्रस्ताव मागे घेतला जातो. तो दिवस मला चांगला जातो. काम कमी होईल, ते व्हायलाच हवं. पण जे प्राणी उरतील त्यांना बघणारं कुणीतरी लागेल, आणि तेवढं तुमच्या निवृत्तीपर्यंत पुरेल असं मला वाटतं.

रात्रीबेरात्रीचे कॉल नाहीत असं त्यांनी सांगितलंय, त्याबद्दल वर लिहिलंच आहे. कॉल येत नसतील तर ती काळजीची गोष्ट समजा.

शेवटी एक अगदी व्यावहारिक. रुजू झालात तर पहिल्या दिवसापासून चांगल्या प्रतीचा मास्क लावा आणि एप्रन घरी धुवायला नेऊ नका. उंदरांच्या मुतातल्या प्रथिनांची ॲलर्जी हळूहळू जडते आणि एकदा जडली की जात नाही. मी पहिली चार वर्षं मास्कशिवाय फिरले, गरम होतं म्हणून. आता मास्क काढून खोलीत शिरले की पाच मिनिटांत डोळ्यांतून पाणी आणि शिंका सुरू होतात, आणि मामा बाहेरूनच ओळखतात की बाई आत आहेत.